सोडलेलं मनगट

“दाबा ना आता,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या, आणि मी तर दाबतच होते. चांगला जीव खाऊन दाबत होते. त्यांचा उजवा हात टेबलावरच्या उशीवर पालथा ठेवलेला, माझ्या डाव्या हाताने कोपराच्या पुढचा भाग घट्ट धरलेला, आणि माझा उजवा पंजा त्यांच्या वर उचललेल्या हाताच्या पाठीवर. एकाहत्तर वर्षांच्या बाई, न्हाणीघरात घसरून मनगट मोडलेलं, प्लास्टर निघून दोन महिने झालेले, अंगाने माझ्या निम्म्या. चष्मा नाकावर जड होतो म्हणून तो गळ्यात अडकवून फिरतात. त्यांचं मनगट खाली जाईना. जाईना म्हणजे हलेचना. आणि त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू आपला नंबर आला तरी खिडकीमागचा माणूस अजून पेनच शोधतोय. मी म्हटलं, झालं की, छान आहे तुमचं. त्यावर त्या अगदी प्रामाणिकपणे म्हणाल्या, “अहो, पण तुम्ही अजून दाबलंत कुठे?” मी हसले. हसायचं मला चांगलं जमतं, सत्तावीस वर्षांची सवय आहे. हसत हसत कागदावर पाच लिहिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

हे पाच म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून आहे. स्नायूची ताकद आम्ही फिजिओथेरपीवाले शून्य ते पाच अशी मोजतो. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे कातडीखाली नुसती फडफड. दोन म्हणजे आधार दिला तर हलतो. तीन म्हणजे स्वतःचं वजन स्वतः उचलतो. इथपर्यंत कुणीही डोळस माणूस सांगेल, त्याला आमची गरज नाही. खरी गोम चार आणि पाचांत आहे. चार म्हणजे मी दाबलं, तो थोडा झुंजला आणि पडला. पाच म्हणजे मी पूर्ण जोर लावला आणि तो पडला नाही. या सगळ्या प्रकारात किलो नाहीत, काटा नाही, यंत्र नाही. आहे ती फक्त मी. आमच्या विभागाच्या कपाटात दाब मोजायचं एक छोटं यंत्र पडलेलं आहे, त्याची बॅटरी कधीची मेली. नवीन मागवायची का, असं मागे धाकटीने विचारलं होतं. धाकटी म्हणजे आमच्याकडची नवी मुलगी, येऊन दीड वर्ष झालं तरी नवीच. मी तिला म्हटलं होतं, ज्यांच्या हातात काही नाही त्यांना यंत्रं लागतात. केवढं हसले होते सगळे. मीसुद्धा.

त्या गुरुवारी दिवसभर मी माझी समजूत घालत राहिले. टेबल उंच आहे, नीट कोन मिळत नाही. रात्री झोप कमी झाली. बाई दिसतात तशा नाजूक नसतील, जन्मभर पुस्तकांचे गठ्ठे उचललेत त्यांनी. एकेक कारण काढायचं, झटकून बघायचं, परत ठेवून द्यायचं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. कारण खरं सांगायचं तर वर्षभर माझे सगळे पेशंट झपाट्याने बरे होत होते. इतके, की मोठ्या साहेबांनी बैठकीत माझे आकडे वाचून दाखवले आणि बाकीच्यांना जरा शिका म्हणाले. बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं एकमेकांना सांगायची, त्या मॅडमकडेच जा, त्यांच्या हाताला गुण आहे. हे कानावर आलं की मी मान खाली घालून कागद चाळायचे, विनयाचा आव आणून. आतून मात्र गुदगुल्या व्हायच्या. का होऊ नयेत? लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, एक आई आणि हे दोन हात, एवढाच माझा संसार.

संध्याकाळी बस थांब्यावर उभी असताना एकदम काचवाल्याची आठवण झाली. मंगळवारी त्याला मी पाच दिले होते. नुसते पाच नाही, कामावर जायला हरकत नाही असा सही-शिक्क्याचा कागद दिला होता. सोमवारपासून तो काचा उचलणार होता. हा काचवाला म्हणजे साठीला आलेला, बोलका, थोडा तिरसट माणूस. खिडक्यांना, दुकानांना, जिन्यांना मोठमोठ्या काचा बसवून देतो. सात महिन्यांपूर्वी शिडीवरून पडला, दंडाचं हाड मोडलं, आणि हाडाला लागून जाणारी नस चेपली. पहिल्यांदा आला तेव्हा उजवं मनगट नुसतं लोंबत होतं. त्याला वाटायचं बोटांत जोर आहे ना, मग मनगटाची एवढी काय मिजास. मी त्याला दाखवलं, मनगट खाली पाडून मूठ आवळायला सांगितली. आवळेना. मनगट पडलं की मूठ सुटते, हे त्याला तेव्हा कळलं.  मग म्हणाला, काच जिन्यावरून नेताना मी वरच्या टोकाला असतो आणि जावई खालच्या टोकाला. माझी मूठ सुटली तर काच कुठे जाईल ते तुम्हीच बघा मॅडम.

जावयाबद्दल तो तासन्‌तास बोलायचा. जावईबापू असे आणि जावईबापू तसे. जावईबापूंना माप घेता येत नाही, जावईबापू काच पुसताना शीळ घालतात, मुलीने काय बघून पसंत केला देवाला ठाऊक. मी त्याच्या हाताला शेक देत असायचे आणि तो त्या पोराची सालं काढत असायचा. पण सात महिने त्याला रोज आणून सोडलं कुणी, तर त्या जावयानेच. बाहेर बाकावर बसून राहायचा, कधी आत आला नाही. मंगळवारी मी पाच म्हटल्यावर काचवाल्याने कागद हातात घेतला, वाचला, परत वाचला, आणि डोळे पुसायला रुमाल काढला तो घाम पुसल्यासारखा कपाळावरून फिरवला. तेव्हा मला केवढं भरून आलं होतं. आणि आता बस थांब्यावर उभी राहून मी तोच मंगळवार पुन्हा पुन्हा बघत होते. मी दाबलं तेव्हा त्याची बोटं ताठ झाली होती. हो, झाली होती. मनगट कमी पडायला लागलं की माणूस बोटं ताठ करतो, बोटांच्या स्नायूंची मदत घेतो. हे मी पोरांना शिकवते. बोटं सैल ठेवा, हातात पेन्सिल धरा, असं म्हणते. खांदासुद्धा वर आला होता त्याचा. मी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण मनगट पडलं नव्हतं. माझ्याने पडलं नव्हतं.

दोन बस गेल्या, मी चढले नाही. उजव्या हातात पर्स होती ती डाव्या हातात घेतली. मग लक्षात आलं की अलीकडे मी ती नेहमी डाव्याच हातात घेते.

शुक्रवारी सकाळी मी एक नाटक केलं. धाकटीला बोलावलं, म्हटलं, बस इथे, मनगटाची चाचणी तू कशी शिकलीस ते बघू, मी तुझं घेते. ती बसली. पंचवीस वर्षांची, पोहणारी मुलगी, खांदे हे असे. पेन्सिल धरून बोटं सैल ठेवली तिने, मनगट उचललं. मी दाबलं. पहिल्या क्षणी भिंतीला हात लावल्यासारखं वाटलं, आणि मग तिचं मनगट हळूहळू, अगदी मऊपणे खाली गेलं. वा, म्हणजे आहे की. एवढ्या धडधाकट पोरीचं पाडलं मी. मी इतकी खूश झाले की तिला चहा पाजला. तासभर जीव भांड्यात पडल्यासारखा होता. मग कुणाच्या तरी गुडघ्याला पट्टी बांधता बांधता हातालाच आठवलं, डोक्याला नाही. पडणारं मनगट असं जात नाही. ते थरथरतं, अडतं, एकदा सावरतं, मग एकदम जातं. हे तसं गेलं नव्हतं. हे सोडलेलं मनगट होतं. धाकटीने मान राखून सोडलं होतं, वडीलधाऱ्या माणसाला पत्त्यांत जिंकू देतात तसं. म्हणजे तिला माहीत आहे. कधीपासून माहीत आहे? मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं तर ती एका म्हाताऱ्याला टाच उचलायला शिकवत होती, आणि तिने माझ्याकडे बघायचं कटाक्षाने टाळलं. मला तिचा इतका राग आला, की पट्टी जरा जास्तच आवळली गेली असावी असं वाटून मी पेशंटला विचारलं. तो म्हणाला, नाही, सैलच आहे.

आमचे सर होते, शिकवणारे. बुटके, घाऱ्या डोळ्यांचे, खडू खिशात ठेवायची सवय. त्यांचा एक दंडक होता. दर सोमवारी सकाळी वॉर्डातला वजनकाटा टेबलावर आणून ठेवायचा, आणि एकेकाने डोळे मिटून त्यावर पंजा दाबायचा. सर म्हणायचे दहा, की आपल्याला दहा वाटले तिथे थांबायचं आणि मग डोळे उघडायचे. कुणाचे चौदा निघायचे, कुणाचे सात. परत. परत. हात दुखेपर्यंत. शेवटी शेवटी आमचे हात असे तयार झाले की डोळे मिटून दहा म्हणजे दहाच. पहिली काही वर्षं मी हा नेम पाळला. एकटीने, लवकर जाऊन, सोमवार चुकवला नाही. मग कधीतरी एक सोमवार राहिला, मग दोन, मग मीच शिकवायला लागले आणि मला कोण विचारणार? सर एकदा म्हणाले होते, “यंत्र बिघडलं तर कुणीतरी तक्रार करतं. तुमचा हात बिघडला तर तुमचे पेशंट बरे व्हायला लागतील, आणि लोक तुम्हाला हार घालतील.” आम्ही मागच्या बाकावर खो खो हसलो होतो. मी कुणाच्या तरी वहीत सरांच्या गळ्यात हार घातलेलं चित्र काढलं होतं.

संध्याकाळी घरी आईने दार उघडलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, कंबरेतून वाकलेली, पण हातांनी अजून खमकी. मी किल्ली असूनही हल्ली बेल वाजवते. का वाजवते? किल्ली फिरवायला नको म्हणून. असं एकेक मागे जाऊन बघायला लागले आणि बघेन तिथे तेच. बरण्यांची झाकणं आई उघडते. दे इकडे म्हणते, पदराचं टोक झाकणावर धरते आणि एका पिळ्यात उघडून परत देते. कधीपासून? ओल्या चादरी मी पिळत नाही, नुसत्या दांडीवर टाकते, खाली थेंब पडत राहतात. सही करताना शेवटचं अक्षर आधी वळणदार यायचं, आता नुसती रेघ येते. मी दिव्याखाली उजवा हात धरला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे, पाठीच्या बाजूला, जिथे मांसाची एक उशी असते, तिथे खळगा होता. तो मी पाहिला नव्हता असं नाही. वय झालं, हात सुकणारच, असं म्हणून त्याला रोज साबण लावत होते. असा खळगा दुसऱ्या कुणाच्या हाताला असता तर दारातून आत येईपर्यंत मी ओळखला असता. कोपराजवळ नस दबली असेल. नाहीतर मानेत. नाहीतर ते तिसरं. तिसऱ्याचं नाव मी घेणार नाही. तो आजार झालेली माणसं माझ्या टेबलावर येऊन गेली आहेत.

मी आईला विचारलं, माझ्या हाताचं तुझ्या काही लक्षात आलंय का. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “वर्ष होत आलं की. मला वाटलं, तुझंच ते काम आहे, तुला माहीत असेल.” मग जरा थांबून म्हणाली की तू घाबरशील म्हणून बोलले नाही. आणि आणखी थोडी भाजी निवडून झाल्यावर, की मी घाबरले होते म्हणून बोलले नाही. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही वाटलं. यातलं काहीच केलं नाही. काचवाल्याला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. एका लहान पोरीने उचलला, आजोबा दुकानात आहेत म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत गाणं म्हणायला लागली.

शनिवारी माझी सुट्टी. सकाळी न्हाणीघरातला वजनकाटा आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. आई समोर बसून बघत होती, तिला जा म्हणायचा धीर झाला नाही. डोळे मिटले. दहा. हाताला वाटलं ते दहा. डोळे उघडले तर काटा चारावर. मग म्हटलं, आता पूर्ण. उभी राहिले, कोपर ताठ केला, दात आवळले, मनगट लटपटायला लागेपर्यंत दाबलं. साडेसहा. डाव्याने नऊ आले, पण डावा जन्मभर धरायचं काम करत आला, दाबायचं नाही. आणि खरं म्हणजे परवापर्यंत माझा उजव्यावरही विश्वास होताच. आई म्हणाली, हे चांगलं की वाईट? मी म्हटलं, काटा जुना आहे. तिने उठून स्वतःचा हात त्यावर ठेवून दाबला, आणि आकडा मला दिसू नये म्हणून चटकन उचलला. मला दिसला होता.

मी काटा कापडी पिशवीत घातला आणि निघाले. आता इथे खोटं कशाला बोलू? धाकटीला फोन करून त्या माणसाला सोमवारी पुन्हा तपास म्हणणं सोपं होतं. एका ओळीचं काम. पण मला वाटत होतं की तो खरंच पाच असेल. असूच शकतो, सात महिने झाले, व्यायाम मन लावून केला त्याने. तसं निघालं तर मी काटा घेऊन गुपचूप घरी येईन, कुणाला काही कळणार नाही, आणि माझ्या हाताचं मग निवांत बघता येईल. बसमध्ये एका मुलाने उठून जागा दिली तर त्याच्यावर खेकसले. पिशवी मांडीवर धरून बसले आणि सारखी मोजत राहिले, वर्षभरात किती जणांना पाच दिले. टंकलेखक, बेकरीतला माणूस, बाळाला उचलता येत नव्हतं ती सून, बस चालवणारा. बस चालवणारा आठवल्यावर मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो दुसराच होता.

दुकानाच्या बाहेर टेम्पो उभा होता, आणि सोमवारची वाट बघेल तो काचवाला कसला. माणसाच्या उंचीपेक्षा मोठी एक काच दोघांनी उभी पेलली होती, वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात न्यायची म्हणून. काचवाला पाठमोरा, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, वरचं टोक धरून. जावई खाली, दोन्ही हात काचेच्या कडेखाली. मी पहिल्यांदाच त्याचा चेहरा नीट पाहिला, आणि तो काचेतून. तो शीळ घालत होता. माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, “ठेवा ती काच.” आवाज एवढा चढला की टेम्पोवाल्याने वळून पाहिलं. काचवाला म्हणाला, मॅडम तुम्ही इकडे कशा, वर ठेवून आलोच. मी म्हटलं, वर नाही, इथे ठेवा, आत्ता. त्यांनी काच उतरवून भिंतीला टेकवली. उतरवताना मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होते. बोटं ताठ होती.

काचा कापायच्या मोठ्या टेबलावर जाडसर कापड पसरलेलं असतं. त्यावर मी काटा ठेवला आणि जावयाला म्हटलं, इकडे या, हे दाबा. दहा म्हणजे किती ते हाताला कळू दे. तो आज्ञाधारक होता, आणि काचवाला सांगायचा तसा बावळट अजिबात नव्हता. पाच-सहा वेळा दाबल्यावर डोळे मिटून दहावर यायला लागला. काचवाला विचारत राहिला की हे काय चाललंय. मी म्हटलं, कामावर चढण्यापूर्वी अशी एक शेवटची तपासणी असते. थाप होती. त्याला बसवलं, आधी चांगला डावा हात घेतला. कसं धरायचं, कुठे दाबायचं, जावयाला दाखवलं. सासऱ्याचा हात दाबून पाडायचा म्हटल्यावर तो एवढा संकोचला, की पाहुण्याच्या खांद्यावरची धूळ झटकावी तशी नुसती बोटं टेकवली. मी म्हटलं, “अहो, तुम्ही दाबतच नाही आहात.” म्हटलं आणि मला ग्रंथपाल बाई आठवल्या. लाजू नका, म्हटलं, दाबा, हे नातं आता बाजूला ठेवा. त्याने दाबलं. डावं मनगट जागचं हललं नाही. काचवाला मिश्किल हसला, जावईबापू, जेवून येता का म्हणाला.

मग उजवा. हातात पेन्सिल दिली, बोटं सैल. मनगट छान उचललं त्याने, कापरं नाही काही नाही. जावयाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने दाब वाढवत नेला, काट्यावर शिकला होता तसा, सावकाश. आधी पेन्सिल हलली, मग पडली. बोटं ताठ झाली. खांदा वर आला. मनगट थरथरलं, अडलं, एकदा सावरलं, आणि गेलं. जावयाने चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. “मामा, तुम्ही सोडलंत का?” तो म्हणाला. त्याला मनापासून तसंच वाटत होतं. आणि मी वाट बघत उभी राहिले, कारण काचवाल्याला हो म्हणता आलं असतं. हो, सोडलं, असं म्हणून तो हसला असता तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. कदाचित पिशवी उचलून घरी आले असते. कागद त्याच्याकडे होता, सात महिने तो घरी बसला होता, आणि ही काच सोमवारपर्यंत बसवली नाही तर काम दुसऱ्याला जाणार हे काच उतरवतानाच त्याने सांगितलं होतं. तो आपल्या मनगटाकडे बघत होता. मग जावयाकडे पाहिलं, बराच वेळ, त्या माप न घेता येणाऱ्या, शीळ घालणाऱ्या पोराकडे.

“नाही,” तो म्हणाला. “पडलं.”

मग तो माझ्यावर उसळला. उसळणारच. मंगळवारी तुम्हीच पाच दिलेत, शिक्का तुमचा, सही तुमची. चार दिवसांत काय माझं मनगट उंदरांनी कुरतडलं? मी आधी मान्यच केलं नाही, असं म्हणायला सुरुवात केली की स्नायू दमतो, दिवसागणिक फरक पडतो. हे सगळं खरं असतं. पण बोलता बोलता माझीच मला किळस आली. मी म्हटलं, “मंगळवारी तुमचं मनगट पाच नव्हतं. माझा हात कमी पडला. वर्षभर कमी पडतोय.” तो माझ्याकडे असं बघायला लागला की ही बाई आता आणखी कसली थाप मारतेय. मग त्याने टेबलावरच्या कापडावर थोपटलं. आणा बघू, म्हणाला. मी हात ठेवला, पालथा. सात महिने ऐकलेलं सगळं त्याला पाठ होतं. कोपर टेकवा, बोटं सैल, श्वास रोखायचा नाही, असं माझ्याच आवाजात म्हणत त्याने माझ्या हाती ती पेन्सिल दिली. आणि आपला उजवा, आत्ताच पडलेला हात माझ्या हातावर ठेवला.

सत्तावीस वर्षांत माझ्या हातावर असा कुणी हात ठेवला नव्हता. दाबलं जाणं काय असतं ते मला ठाऊकच नव्हतं. आधी वाटतं, हे काहीच नाही, असं कितीही वेळ धरून ठेवीन. मग कोपराच्या पुढे कुठेतरी काहीतरी जळायला लागतं, बोटं आपणहून मदतीला धावतात, त्यांना थांबवता येत नाही, आणि खांदा वर येतो. मी सगळं केलं. माझे पेशंट करतात ते सगळं, त्याच क्रमाने. पेन्सिल कधी पडली कळलं नाही. मनगट गेलं, आणि कापडावर आपटायच्या आत त्याने डाव्या हाताने खालून झेललं. झेलून तसंच धरून ठेवलं. त्याचा राग चेहऱ्यावरून उतरत होता आणि त्या जागी जे येत होतं ते मला बघवेना. मला रडू आलं. तिथे, टेम्पोवाल्यासमोर. जावई पाण्याची बाटली घेऊन आला, झाकण उघडूनच आणली होती.

तो कागद काचवाल्याने लॅमिनेशन करून गल्ल्यामागच्या भिंतीवर लावला होता. मी म्हटलं, हा रद्द, सोमवारी विभागातून दुसरा येईल, अजून दीड-दोन महिने उजव्या हाताने जड उचलायचं नाही. मोठ्या साहेबांना आणि धाकटीला सगळं सांगावं लागेल, वर्षभराची यादी काढावी लागेल, त्यातल्या बस चालवणाऱ्याला सगळ्यात आधी बोलवावं लागेल. हे मी त्याला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. त्याने कागद काढून माझ्या हातात दिला. मी फाडायला गेले. प्लॅस्टिक नुसतं वाकलं. दे इकडे, असं आईसारखं म्हणत त्याने घेतला, जोर लावला, त्याच्याही हातून फाटेना. आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत राहिलो, आणि मग तो हसला, आणि मलाही हसू आलं, वाईट वाटत असतानाच आलं. जावयाने कागद घेतला, टेबलावर पट्टी ठेवून धारदार पात्याने मधोमध कापला आणि दोन्ही तुकडे मला दिले. माप बरोबर घेतलं होतं.

काच जिन्याखालीच राहिली. टेम्पोवाल्याच्या मदतीने ती आत नेऊन ठेवतो, असं जावई म्हणाला. काचवाल्याने फोन लावून गाळ्याच्या मालकाला सांगितलं की काम जमणार नाही, हात अजून झाला नाही. एवढंच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. फोन ठेवून त्याने विचारलं, “आता तुमचं कोण बघणार?”

मी म्हटलं, आमच्याकडे एक नवी मुलगी आहे. सोमवारी सकाळी तिच्यासमोर बसते.

“तिला आधीच सांगा,” तो म्हणाला, “पूर्ण दाब म्हणावं. लाजायचं नाही.”

मी हो म्हटलं. काटा पिशवीत घालायला वळले तर जावयाने तो आधीच उचलला होता. मी नेहमीसारखं राहू द्या म्हणणार होते. म्हटलं नाही. तो पिशवी घेऊन थांब्यापर्यंत आला.